बेली डान्स : व्यावसायिक दर्जा
अरबीत ‘रक्स शर्की’ म्हणून ओळखला जाणारा हा नाच रंगमंचीय व्यवसाय म्हणून नावारूपाला आला तो कैरोत. बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये तिथे काढलेल्या रंगगृहात तहिया कारिओका, सामिया गमाल यांच्यासारख्या नर्तिका घडल्या. इजिप्तमध्ये या पेशासाठी सरकारी परवाना लागतो. पोट जाळीदार कापडाने झाकण्याचा दंडकही आहे. परवान्याबरोबर प्रतिष्ठा मिळतेच असे नाही, हा भाग वेगळा.

अमेरिकेत जमिला सलिमपूर यांनी एकेका हालचालीला नाव देऊन शिकवण्याची पद्धत बसवली. त्यांची कन्या सुहैला यांनी तिला टप्प्याटप्प्यांच्या परीक्षांची जोड दिली. बोटांतल्या झिलांचा, म्हणजे छोट्या झांजांचा, ठेका न सोडता कंबर खेळवणे, यात खरा कस लागतो.

मात्र जगभर चालेल अशी एकच पदवी नाही. त्यामुळे कुणीही स्वतःला व्यावसायिक म्हणवू शकते; म्हणूनच पडत्या बिदागीत नाचणाऱ्या हौशी मंडळींवर व्यावसायिकांचा रोष असतो, आणि तो रास्तच म्हणायला हवा.