बुद्धाचं नाव न घेता

१९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी एक वर्ग सुरू केला. ते डॉक्टर नव्हते, रेणू-जीवशास्त्रज्ञ होते. वर्गात येत ते जुनाट दुखण्यानं गांजलेले, औषधांनी गुण न आलेले रुग्ण. आठ आठवडे श्वासाकडे, दुखण्याकडेही नुसतं बघायचं. मूळ बुद्धाचं, पालीतली 'सति' म्हणजे सजगता. पण इस्पितळात धर्म नको, म्हणून बुद्धाचं नाव बाजूला ठेवलं. बहुधा म्हणूनच दार उघडलं.

पुढे थकलेले डॉक्टर-नर्सही स्वतःसाठी हेच शिकू लागले. पण सजगतेच्या जोडीला शील आणि करुणाही होती ना? नर्सला श्वास बघायला शिकवायचं आणि तिची डबल ड्यूटी तशीच ठेवायची... बुद्धाला हे पटलं नसतं, असं आपलं मला वाटतं.