संगणकांतील व्हायरसाचें उच्चाटन

घरांतील संगणकास व्हायरसाची बाधा झाली म्हणजे घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असा असतो कीं, हा एकदां काढला असतां पुन्हां येतो तरी कसा? औषध दिलें, यंत्रानें ‘आतां कांहीं शिल्लक नाहीं’ अशी ग्वाही दिली, आणि दुसऱ्या दिवशीं संगणक सुरू करावा तों बाधा पूर्ववत्! अशा वेळीं व्हायरस रचणाराच्या कुटिल बुद्धीस दोष देऊन आपण मोकळे होतों. परंतु गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला असतां दोषाचा बराच वांटा आपल्या तपासणीच्या रीतीकडे येतो, असें आम्हांस वाटतें. ज्या यंत्रावर व्हायरसाचा अंमल बसला आहे, त्यालाच आपण ‘तुझ्यावर कोणाचा अंमल आहे काय?’ असें विचारीत असतों. कुंपणच शेत खाऊं लागलें असतां कुंपणाची साक्ष काय कामाची?

आपली प्रतिकृति आपणच घडविणाऱ्या यंत्राचा तात्त्विक विचार जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें १९४९ सालींच आपल्या व्याख्यानांत मांडला होता. पुढें १९७१ सालीं अमेरिकेंत बॉब थॉमस यानें ‘क्रीपर’ नांवाचा प्रोग्राम रचला. अर्पानेट या जाळ्यावरून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई, व ‘मला पकडा’ अशा अर्थाचें आव्हान तेथें उमटवी. त्यास हुडकून नाहींसा करण्याकरितां रे टॉमलिन्सन यानें ‘रीपर’ हा दुसरा प्रोग्राम सोडला. रोग आणि उतारा हीं भावंडें अशीं एकाच घरांत जन्मलीं. त्या काळीं संगणक मोजके व त्यांचे चालक परस्परांचे परिचित, त्यामुळें प्रकरण प्रयोगापलीकडे गेलें नाहीं.

१९८३ च्या नोव्हेंबरांत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानें दुसऱ्या प्रोग्रामांत शिरून वाढणाऱ्या प्रोग्रामाचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. त्यास ‘व्हायरस’ हें नांव सुचविलें तें त्याचे गुरु लेन एडलमन यांनीं. कोहेन यानें आणखी एक गोष्ट गणितानें सिद्ध केली. समोर आलेला कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे कीं नाहीं, हें प्रत्येक वेळीं अचूक सांगेल अशी सर्वव्यापी रीति असूंच शकत नाहीं! ‘संपूर्ण संरक्षण’ या शब्दाची मर्यादा येथें कायमची आंखली गेली.

घरगुती संगणकांचें युग सुरू होतांच हा प्रकार प्रयोगशाळेबाहेर पडला. १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनीं रचलेला ‘ब्रेन’ हा आय. बी. एम. धर्तीच्या घरगुती संगणकांवरील पहिला व्हायरस मानला जातो. आपल्या वैद्यकीय प्रोग्रामाची लोक फुकट नक्कल करतात, त्यांस आळा बसावा एवढाच आपला हेतु होता, असें त्यांनीं पुढें सांगितलें. व्हायरसांत त्यांनीं आपलीं नांवें, पत्ता व टेलिफोनचे क्रमांकही घातले होते! परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट याहून निराळी आहे. त्या काळीं संगणक सुरू होतांना फ्लॉपीच्या अगदीं पहिल्या भागांतील, म्हणजे बूट सेक्टरमधील, आज्ञा आधीं वाची. ब्रेन नेमका तेथें ठाण मांडी, मूळचा मजकूर दुसरीकडे हलवी, व ती दुसरी जागा ‘खराब’ म्हणून नोंदवी. मग कोणीं तो पहिला भाग तपासावयास मागितला तर ब्रेन मध्येंच अडवून दडविलेला मूळ मजकूर त्याच्यापुढें ठेवी. तपासनीस समाधानानें परत जाई!

यावर त्या काळच्या जाणत्यांनीं काढलेला उपाय साधाच होता. संगणक पूर्ण बंद करावयाचा, कारण वीज गेली कीं स्मृतींत बसलेला व्हायरस नाहींसा होतो. मग निर्मळ असल्याची खात्री असलेली व बाजूच्या खांचेवर चिकटपट्टी लावून लेखनास बंद केलेली फ्लॉपी घालून तो सुरू करावयाचा, आणि त्यानंतरच संशयित फ्लॉपी उघडून पाहावयाची. आतां ब्रेन हा केवळ निश्चेष्ट मजकूर असे. खोटी साक्ष देण्यास तो जागा नसे.

पुढील व्हायरस हार्ड डिस्कवरच वस्ती करूं लागले. ‘मायकेलअँजेलो’ हा व्हायरस ६ मार्च रोजीं, त्या शिल्पकाराच्या जन्मदिनीं, डिस्कवरील मजकूर उध्वस्त करी. १९९२ सालच्या त्या तारखेची धास्ती जगभर वर्तमानपत्रांतून गाजली. त्याच दशकांत पुण्यास गणकयंत्रें दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणारे कैलास काटकर व संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस बाजारांत आणला. लाहोरच्या दोन भावांनीं रोग सोडला, आणि पुण्याच्या दोन भावांनीं उताऱ्याचें दुकान मांडलें, हा योगायोग मौजेचा खरा!

पण चिवटपणाचा कळस झाला तो ‘कॉनफिकर’ याच्या वेळीं. शास्त्राच्या काटेकोर भाषेंत यास ‘वर्म’ म्हणतात. कारण यास दुसऱ्या प्रोग्रामाचा आश्रय लागत नाहीं. २३ ऑक्टोबर २००८ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक छिद्र बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुष्कळांनीं ती लावली नाहीं, आणि नोव्हेंबरांत कॉनफिकर त्याच छिद्रांतून आंत शिरला. शिरल्यावर संगणकाच्या स्मृतींत तें छिद्र तो आपणच बुजवी, कीं मागून दुसरा चोर येऊं नये! त्याच्या पुढील आवृत्त्या विंडोजची आपोआप होणारी दुरुस्ती थांबवीत, अँटीव्हायरस कंपन्यांचीं संकेतस्थळें उघडूं देत नसत, व संगणक पूर्वस्थितीस नेण्याची सोयही मोडून टाकीत. वैद्याकडे जाण्याची वाट रोगानेंच अडविली होती.

गंमत अशी कीं, याच खोडीवरून त्याची परीक्षा निघाली. एका पानावर कांहीं चित्रें अँटीव्हायरस कंपन्यांच्या स्थळांवरून येत, व कांहीं इतर ठिकाणांहून. दुसरीं दिसलीं व पहिलीं दिसलीं नाहींत, कीं संशय धरावा. लबाड साक्षीदार काय बोलतो यापेक्षां काय लपवितो हें पाहण्याची ही युक्ति होती.

एवढ्यानें त्याचें उच्चाटन होई असें मात्र नाहीं. डिसेंबर २००८ मधील त्याची आवृत्ति पेन ड्राइव्हमधून, तसेंच दुबळे पासवर्ड ओळखून घरांतील एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. म्हणून एकच संगणक धुऊन भागत नसे. आधीं सर्वांचें जाळें तोडावयाचें, दुसऱ्या निर्मळ संगणकावरून उतारा व दुरुस्ती आणावयाची, व्हायरस काढून छिद्र बुजवावयाचें, पासवर्ड बदलावयाचे, आणि घरांतील एकूण एक पेन ड्राइव्ह तपासावयाचा. मुलाच्या दप्तरांत एक राहून गेला तर सर्व श्रम व्यर्थ!

फ्लॉपी गेली, पण तिचा धडा राहिला. विंडोज सुरू होण्यापूर्वींच डिस्क तपासण्याची जी सोय आज संगणकांत असते, ती त्या चिकटपट्टी लावलेल्या फ्लॉपीचीच वंशज होय. मात्र बाहेरून तपासणाऱ्या साधनासही कोहेनचा सिद्धान्त चुकत नाहीं; त्याच्या दृष्टींतूनही कांहीं निसटूं शकतें. उच्चाटन न साधून कंटाळलेला गृहस्थ शेवटीं सारी डिस्क पुसून टाकतो. व्हायरस जातो खरा, पण त्याबरोबर मुलांचीं लहानपणचीं छायाचित्रें, वडिलांचीं पत्रें व अनेक वर्षांचे हिशेबही जातात, आणि हें नुकसान व्हायरसाच्या नव्हे, आपल्याच हातून झालेलें असतें. म्हणून या सर्व चिजांची एक प्रत संगणकापासून तोडून, कपाटांत निराळी ठेवलेली असावी. आणि ती संगणक निरोगी आहे तोंपर्यंतच काढून ठेवली पाहिजे.