अपेंडिक्सपाशी पिस्तूल

माझं अपेंडिक्स काढलं त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या जागेशी पुन्हा कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी मुलीकडे टेक्ससला गेलो, आणि चौथ्याच दिवशी शेजारच्या म्हातारबुवांनी शर्ट वर करून नेमकी तीच जागा दाखवली. तिथे पिस्तूल होतं.

या प्रकाराला तिकडे ‘अपेंडिक्स कॅरी’ असंच म्हणतात. विजारीच्या आत, बेंबीच्या किंचित उजवीकडे पिस्तूल खोचायचं आणि वरून शर्ट सोडायचा. आमचे आजोबा साधारण तिथेच सुटे पैसे खोचत. त्याला आम्ही कनवटी म्हणत असू. जेवायला मांडी घालून बसले की ढबू पैसा पोटात रुतायचा आणि आजोबा कण्हायचे. म्हातारबुवांची तक्रार शब्दशः तीच होती. फक्त यांचा ढबू पैसा पाऊण किलोचा!

त्यांच्याकडे एक अख्खा खण भरून होल्स्टरं होती. मी मोजली, चौदा. आमच्या हिच्या कपाटात न घातलेल्या चपलांचा कप्पा आहे, त्याची आठवण झाली. दुकानात बरी वाटलेली, घरी आल्यावर चावणारी. एक उभं राहिलं की छान आणि मोटारीत बसलं की बरगडीत घुसणारं. एक कातड्याचं, घामाने मऊ पडलेलं. एक कायडेक्स नावाच्या प्लॅस्टिकचं. हे प्लॅस्टिक मुळात विमानांच्या अंतर्भागासाठी निघालं, आणि आता म्हातारबुवांच्या अंतर्भागाला टोचत होतं.

मी इतिहासाचा माणूस. (म्हणजे हायस्कुलात शिकवत असे.) तेव्हा खणात डोकावताना मला पिस्तुलं कमी आणि शतकं जास्त दिसली. होल्स्टर हे मूळचं माणसाचं नव्हेच, ते घोड्याचं. पूर्वीची हातहातभर लांब पिस्तुलं खोगिराला बांधलेल्या दोन खोळींत राहत. पोट वाढलं तर घोड्याचं, आपल्याला काय! १८३६ साली सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. पुढे हे हत्यार खोगिरावरून माणसाच्या कमरेवर उतरलं आणि खोगीर शिवणारे चर्मकार कमरपट्टे शिवायला लागले. तिथून या दुखण्याची सुरुवात.

गंमत म्हणजे त्या काळी लपवणं हे कमीपणाचं होतं. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपवलेल्या हत्यारांविरुद्ध कायदे केले. सभ्य माणसाने उघड बाळगावं, लपवतो तो मारेकरी, असा हिशेब. १८६५ साली लिंकनला ज्या पिस्तुलाने मारलं ते जेमतेम सहा इंचांचं होतं, बूथने ते नाटकगृहात सहज लपवून नेलं. आता सगळं उलट झालंय. उघड दिसलं तर शेजारीपाजारी दचकतात, म्हणून लपवणं हाच शिष्टाचार. खुद्द टेक्ससने १८७१ साली पिस्तूल अंगावर घेऊन फिरायला बंदी घातली होती. १९९५ साली लपवून बाळगण्याचे परवाने देण्याचा कायदा झाला, आणि २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याचीही गरज उरली नाही.

तुम्ही म्हणाल, लपवण्यात आपणही मागे नव्हतो. १६५९ साली प्रतापगडाखाली अस्तनीत बिचवा होता आणि मुठीत वाघनखं. कबूल. पण तो प्रसंग एका दिवसाचा. म्हातारबुवा रोज दूध आणायला जातात.

शिवाय बिचवा आपणहून सुटत नाही. पिस्तुलाचं तसं नाही. वायट अर्प हा सिनेमावाल्यांनी देव केलेला शेरीफछाप वीर. १८७६ च्या जानेवारीत विचिटा गावच्या एका गुत्त्यात तो खुर्चीवर टेकला असताना त्याचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून घसरून जमिनीवर पडलं आणि उडालं! गोळी कोटातून आरपार. खोलीतल्या मंडळींची काय धांदल उडाली असेल! सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरात पाचच भरायच्या आणि घोड्याखालचं घर मोकळं ठेवायचं, ही शहाण्यांची रीत याच भीतीपोटी होती. अलीकडचं उदाहरण प्लॅक्सिको बरेस या फुटबॉलपटूचं. २००८ च्या फेब्रुवारीत यानेच सुपर बोलचा विजयी टचडाउन केला होता. त्याच नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कच्या नाइट क्लबात होल्स्टरशिवाय, नुसतं विजारीत पिस्तूल खोचून गेला. ते पायातून घसरलं, पकडायला गेला, आणि गोळी स्वतःच्याच मांडीत. वर दोन वर्षांची शिक्षा झाली.

आणि अपेंडिक्सपाशी तर नळीचं तोंड नेमकं कुठे असतं ते सांगायला नको. मांडीची मोठी रोहिणी तिथेच, आणि बाकीचा प्रपंचही तिथेच. म्हणून चांगल्या होल्स्टरने चाप पुरता झाकलाच पाहिजे, यावर म्हातारबुवा ठाम होते. आराम नंतर. आरामासाठी मग नाना खटपटी. तळाशी स्पंजची पाचर लावायची, म्हणजे मूठ पोटाकडे कलते. बाजूला एक पंखासारखा तुकडा, तो पट्ट्याला रेटतो आणि मूठ आत दाबतो. पट्टा कडक हवा. त्यांनी एक निळं नकली पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून माझ्या कमरेला लावलं. उभा होतो तोवर मीही वायट अर्प होतो. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि हाय खाल्ली. माझ्या पोटाचा घेर आणि ते यंत्र, दोघांनाही एकाच जागी राहायचं होतं.

“हे सगळं कशासाठी?” मी विचारलं. त्यांनी आधी खण बंद केला. चार वर्षांपूर्वी पेट्रोल भरताना दोन पोरांनी त्यांना ढकलून पाकीट नेलं. मार फारसा लागला नाही. पण तेव्हापासून अंधार पडल्यावर ते बाहेर जात नव्हते. पिस्तूल घेतल्यापासून जातात. पुण्यात माझ्याही एका स्नेह्याने अशाच प्रसंगानंतर संध्याकाळचं फिरणं सोडलं. तो घरात बसून आहे. मी काय बोलणार?

मुलीला हे कळलं तेव्हा ती गप्पच झाली. माझा सहा वर्षांचा नातू दिवसातून दोनदा त्यांच्या अंगणात असतो. लांबून दिसले की धावत जाऊन मिठी मारतो, आणि त्याचं डोकं लागतं ते बरोबर त्या जागी. एकदा परत येऊन म्हणाला होता, “आजोबा, तुमचं पोट मऊ आहे. त्यांचं टणक आहे.” तेव्हा आम्ही हसलो होतो.

तिने त्याला तिकडे जायचं बंद करावं की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी मीच जाऊन म्हातारबुवांना ते वाक्य सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरगा धावत निघाला तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, घरात गेले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. विजार एका हाताने धरून होते. तो कडक पट्टा ढिला झाला होता.