परदेशस्थ भारतीय कुटुंबाने रायपूरमधील मूल दत्तक घेणे : प्रक्रिया, प्रवास आणि परतीची कागदपत्रे

परदेशात नोकरी-व्यवसायासाठी राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना भारतातील मूल दत्तक घेण्याची इच्छा असते. ओळखीतून एखादी संस्था गाठावी, सुट्टीत यावे आणि मूल घेऊन परतावे, असा समज अजूनही आढळतो. कायद्याने तसे करता येत नाही. या प्रक्रियेत प्रवास ही शेवटची पायरी आहे. त्याआधीची कागदपत्रे अपुरी राहिली, तर दत्तक आदेश हातात असूनही मुलाला सोबत नेता येत नाही. मूल छत्तीसगडमधील रायपूरच्या संस्थेतील असेल, तर कोणते काम कोठे होते, याची माहिती येथे दिली आहे.

कायद्याचा आधार

• बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती.
• दत्तक विनियम, २०२२.
• आंतरदेशीय दत्तकाबाबतचा १९९३ चा हेग करार. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला.

या सर्वांची अंमलबजावणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, करते.

कोण अर्ज करू शकते?

• भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना मूल सुचवताना भारतातील पालकांच्या बरोबरीचे प्राधान्य मिळते. ओसीआय कार्डधारक व परदेशी नागरिक यांचा क्रम त्यानंतर येतो.
• दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान २ वर्षे स्थिर असावे. दोघांचीही संमती आवश्यक आहे.
• मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर असावे.
• २ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा अधिक नसावी. एकल पालकासाठी ही मर्यादा ४० वर्षे आहे. मूल मोठे असेल, तर मर्यादा वाढते.
• एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.
• घरात आधीचे मूल ५ वर्षांपेक्षा मोठे असेल, तर त्याची संमती घ्यावी लागते.

नोंदणीपूर्वी हे तपासा

भारताने परवानगी दिली म्हणजे राहत्या देशाचा व्हिसा मिळेलच, असे नाही. उदाहरणार्थ, अमेरिकेत हेग करारानुसार मूल आणण्याचा अर्ज अमेरिकी नागरिकालाच करता येतो. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या पालकांच्या दत्तक मुलाला अवलंबिताचा व्हिसा देताना तेथील कायदा साधारणपणे २ वर्षांचा कायदेशीर ताबा व तेवढाच एकत्र वास मागतो. अशा कुटुंबात एका पालकाला बराच काळ भारतात राहावे लागू शकते. म्हणून या प्रश्नाचे लेखी उत्तर त्या देशाच्या इमिग्रेशन विभागाकडून किंवा जाणकार वकिलाकडून आधी घ्या. मूल सुचवले गेल्यानंतर ही अडचण लक्षात आली, तर त्याचा त्रास मुलालाच सर्वाधिक होतो.

प्रक्रियेचे टप्पे

१. गृह अध्ययन अहवाल : राहत्या देशातील कारामान्य परदेशी दत्तक संस्थेकडे किंवा तेथील केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. या दोन्ही सोयी नसतील, तर भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. कुटुंबाची पात्रता तपासून अहवाल तयार होतो आणि काराच्या पोर्टलवर नोंदणी होते.

२. मूल सुचवले जाणे : शहर किंवा संस्था पाहून मूल निवडता येत नाही. पोर्टल ज्येष्ठतेनुसार मुलाची माहिती दाखवते. मूल राखून ठेवण्यास व स्वीकारण्यास ठरावीक मुदत असते. मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवता येतो. काराने पात्रता मान्य केल्यानंतर, स्वीकृतीपूर्वी संस्थेत येऊन मुलाला भेटताही येते.

३. ना हरकत प्रमाणपत्र : पालकांची स्वीकृती आणि, जेथे लागू असेल तेथे, राहत्या देशाची मान्यता मिळाल्यावर कारा हे प्रमाणपत्र देते. त्यानंतर आदेश होईपर्यंत मूल भारतातच तात्पुरते पालकांकडे सोपवता येते.

४. दत्तक आदेश : रायपूरमधील विशेष दत्तक संस्था जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे रायपूरच्या कलेक्टरांकडे, अर्ज सादर करते. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. सुनावणी बंद खोलीत होते. प्रकरण २ महिन्यांत निकाली काढावे, असे कायदा सांगतो.

५. पासपोर्ट व अनुरूपता प्रमाणपत्र : आदेशानंतर संस्था मुलाच्या पासपोर्टसाठी रायपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात अर्ज करते. अर्ज मिळाल्यापासून १० दिवसांत पासपोर्ट देण्याची तरतूद आहे. हेग करारातील देशासाठी कारा कलम २३ नुसार अनुरूपता प्रमाणपत्र देते. पालकांच्या नावांसह जन्म प्रमाणपत्रही संस्थेमार्फत मिळते.

६. व्हिसा व ताबा : राहत्या देशाचा व्हिसा मिळाल्यावर अंतिम ताबा दिला जातो. मुलाला नेण्यासाठी पालकांनी स्वतः भारतात यावे लागते. नातेवाईकाकरवी मूल पाठवता येत नाही.

प्रवासाचे नियोजन

• व्हिसा हाती येण्याआधी मुलाचे तिकीट काढू नका. आपल्या परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल, असे पाहा.
• मोठ्या मुलाच्या शाळेची सुट्टी धरून तारखा ठरवू नका. कोणत्याही कार्यालयाला सुट्टीचे बंधन नसते.
• दूतावासातील व्हिसाचे काम सहसा दिल्ली किंवा मुंबईत असते. रायपूरहून तेथे जाण्याचे दिवस वेगळे धरा.
• छत्तीसगडमधील कागद बहुधा हिंदीत असतात. प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल का, हे आधी विचारा.
• दत्तक आदेश, जन्म प्रमाणपत्र, पासपोर्ट, लसीकरण कार्ड व अनुरूपता प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा.
• मुलाच्या कानावर हिंदी किंवा छत्तीसगढी पडलेली असते. त्याचे खाणे, झोपेची वेळ आणि रोजचे शब्द सांभाळणाऱ्या ताईंकडून लिहून घ्या. तो कागदही सोबत न्या.

घरी पोहोचल्यानंतर

पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर ६ महिन्यांनी, असे एकूण ६ प्रगती अहवाल पाठवले जातात. मूल नव्या घरी रुळत आहे की नाही, हे पाहणे हा त्यांचा हेतू आहे. अडचण लपवू नका, समुपदेशन मागा.

सावधान

रुग्णालय, दलाल किंवा ओळखीच्या व्यक्तीकडून थेट मूल घेणे बेकायदेशीर आहे. विहित प्रक्रिया टाळून मूल देणाऱ्या-घेणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपये दंड आहे. शुल्क केवळ विनियमांत ठरवलेलेच भरा आणि पावती घ्या. कोणी मूल ‘मिळवून देतो’ म्हणत असेल, तर १०९८ या क्रमांकावर कळवा.