गिरणगावचा दामोदर हॉल

मराठी रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत नाटककार असतात, नट असतात, नाटक मंडळ्यांचे उत्कर्ष आणि दिवाळखोरी असते. ज्या छताखाली नाटक उभे राहिले, त्या वास्तूच्या वाट्याला मात्र बहुधा ओझरता उल्लेख येतो. परळच्या दामोदर हॉलच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण तेथे रंगमंचावरचा नट आणि समोरचा प्रेक्षक हे पुष्कळदा एकाच गिरणीच्या भोंग्यावर कामाला जाणारे असत.

या वास्तूचे मूळ सोशल सर्व्हिस लीगमध्ये आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली ही संस्था स्थापन केली. जोशी गोरेगावचे, मुंबईच्या उपनगरातील नव्हे, आपल्या रायगड जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातील. रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, सहकारी पतसंस्था असा लीगचा व्याप होता. कामगाराला वेतनाइतकीच फुरसतही हवी आणि त्या फुरसतीला जागा हवी, हे त्यामागचे सूत्र म्हणता येईल. १९२२च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या सभागृहाला नाव मिळाले ते गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील दामोदर ठाकरसी यांचे. १९२०मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या जोशींच्या संस्थेचे नाट्यगृह मालकाच्या नावाने ओळखले जावे, यात तत्कालीन उदारमतवादी सुधारणेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

पुढे या रंगमंचाचा खरा आश्रयदाता ठरला तो कोकणातील चाकरमानी. गावोगावची ग्रामस्थ मंडळे येथे नाटके, नमन-खेळे, दशावतार करीत. पाळी सांभाळून चाळीतल्या गाळ्यात तालमी होत. तिकिटे गाववाल्यांतच खपत आणि उरलेले पैसे गावच्या शाळेला किंवा देवळाला जात. ‘हौशी’ या शब्दात हा व्यवहार मावत नाही. प्रयोगाच्या निमित्ताने इथे विखुरलेला गाव पुन्हा एकत्र येत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने या अर्थकारणाचाच पाया काढून घेतला. पगार थांबला, माणसे गावी परतली, वर्गणी आटली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती आकुंचित केली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. गिरणगावाला नव्या सार्वजनिक वास्तू मिळण्याची शक्यता तेथेच क्षीण झाली. जुन्या तेवढ्या उरल्या. लालबागचे हनुमान थिएटर, तमाशाचे हक्काचे ठिकाण, तेही बंद पडले. दामोदर टिकून शंभरीला पोहोचले आणि नोव्हेंबर २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. रंगकर्मींनी विरोध केला, तोही उशिराच.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये संपानंतरचे कामगाराचे घर आले आहे. त्याच घरातला माणूस रविवारी तोंडाला रंग लावून कोणत्या दारातून आत जात असे, हे शोधायचे तर साधने नाट्यसंहितांत सापडणार नाहीत. ती मंडळांच्या स्मरणिकांत, हस्तपत्रकांत, हिशेबाच्या वह्यांत आहेत. गावकीच्या गाळ्यांत, माळ्यावरच्या ट्रंकांत ती वर्षानुवर्षे पडून राहिली आणि आता त्या चाळीही एकेक करून रिकाम्या होत आहेत. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला परळपर्यंतचे लोकलचे तिकीट महाग पडू नये.