पुढच्या गाडीच्या पाठीवरचे तीन शब्द

माँट्रियलला धाकट्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा एका संध्याकाळी शांप्लेन पुलावर गाड्यांच्या रांगेत आम्ही चांगलेच अडकलो. बाहेर बर्फ आणि त्यावर टाकलेल्या मिठाचा करडा चिखल. वाचायला समोर एकच गोष्ट होती, पुढच्या गाडीची नंबरप्लेट. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, निळे आकडे आणि खाली चिखलाने अर्धी झाकलेली एक बारीक ओळ: ‘ज म सुव्हियाँ’. म्हणजे ‘मला आठवतं’. क्यूबेकमध्ये मोटारीला पाटी फक्त मागच्या बाजूला लावतात. त्यामुळे ही ओळ दिसते ती नेहमी आपल्या पुढे चाललेल्याच्या पाठीवर.

“काय आठवतं?” मी विचारलं.

“ज्याचं त्याला, ताई,” बहीण म्हणाली आणि तिने गाडी दोन हात पुढे घेतली.

फ्रेंचमध्ये या क्रियापदाला सहसा ‘कशाचं’ हे जोडून येतं. इथे ती जागा मोकळी आहे. क्यूबेकने कॅनडापासून वेगळं व्हावं की नाही हा वाद मी पुस्तकांतून वाचला होता. त्या मोकळ्या जागेत कोणी कधी काय भरलं, याचा माग काढत गेलं तर तो वाद मला जास्त कळेल असं तेव्हा वाटलं, आणि पुढे तसंच झालं.

हे शब्द पहिल्यांदा कोरले गेले ते क्यूबेक शहरात, प्रांताच्या विधिमंडळाच्या इमारतीवर. आराखडा यूजेन-एतिएन ताशे याचा. हा सरकारी जमीन खात्यातला मोठा अधिकारी, मूळचा भूमापक. वास्तुरचनेचा त्याला नाद होता. १८७७ ते १८८६ या काळात ही इमारत उभी राहिली आणि १८८३ च्या नकाशात मुख्य दरवाजाच्या वर, प्रांताच्या राजचिन्हाखाली, ताशेने हे तीन शब्द घातले. त्यांचा अर्थ त्याने कुठे फोड करून सांगितला नाही. पण इमारतीचा दर्शनी भाग पाहिला की त्याच्या मनातलं बरंचसं उमगतं. कोनाड्यांत पुतळे आहेत. १७५९ च्या लढाईत फ्रेंचांकडून लढलेला मोंकाम तिथे आहे आणि त्याला हरवणारा इंग्रज सेनापती वुल्फही आहे. दोघंही त्याच लढाईत जखमी होऊन मेले. फ्रेंच गव्हर्नर फ्रोंतनाक आहे, इंग्रज गव्हर्नर लॉर्ड एल्गिन आहे. दरवाजासमोर इथल्या मूळ रहिवाशांचं एक कुटुंब ब्राँझमध्ये उभं आहे. जिंकलेले, हरलेले आणि त्या दोघांच्याही आधीचे अशा सगळ्यांना ताशेने एकाच भिंतीशी आणून ठेवलं.

त्याचं घराणंही तसंच होतं. वडील सर एतिएन-पास्काल ताशे हे कॅनडाच्या संघराज्याच्या जनकांपैकी एक. १८६४ च्या ज्या परिषदेत संघराज्याचा आराखडा ठरला, तिचे ते अध्यक्ष होते. बापाने देश जोडायला हातभार लावला, मुलाने दगडात तीन शब्द कोरले आणि पुढे शंभर वर्षांनी तेच शब्द देश सोडू पाहणाऱ्यांचे झाले. ताशेला हे पटलं असतं असं मला वाटत नाही. पण शब्द एकदा कोरला की तो कोरणाऱ्याचा उरत नाही.

आठवणी मात्र ताशेच्या आधीपासून साचत आल्या होत्या. अब्राहमच्या पठारावरची १३ सप्टेंबर १७५९ ची लढाई अर्ध्या तासाच्या आत आटोपली. १७६३ च्या तहाने फ्रान्सने हा मुलूख इंग्लंडला देऊन टाकला. मागे राहिले साठ-सत्तर हजार फ्रेंच बोलणारे शेतकरी, त्यांचे धर्मगुरू आणि त्यांचं चर्च. १७७४ च्या कायद्याने इंग्रजांनी त्यांचा कॅथलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा राखला. १८३७-३८ मध्ये बंड झालं, बारा जणांना माँट्रियलच्या तुरुंगाबाहेर फाशी दिलं. बंडाच्या चौकशीला आलेल्या लॉर्ड डरॅमने १८३९ च्या अहवालात लिहिलं की या लोकांना ना इतिहास आहे ना साहित्य, आणि त्यांनी इंग्रजीत विरघळून जाण्यातच त्यांचं भलं आहे. फाशीपेक्षाही हे वाक्य जास्त खोल रुतलं असावं. माँट्रियल आणि क्यूबेकमधल्या शिकलेल्या माणसांना ते आजही तोंडपाठ असतं. फ्रान्स्वा-झाव्हिए गार्नोने त्याला उत्तर म्हणून कॅनडाचा इतिहास लिहायला घेतला. पहिला खंड १८४५ मध्ये आला. ताशेच्या तीन शब्दांमागे गार्नोची ही पुस्तकं उभी आहेत.

वेगळं होण्याची भाषा या इमारतीच्या आत पहिल्यांदा ऐकू आली ती पहिल्या महायुद्धात. इंग्लंडच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती क्यूबेकला मान्य नव्हती, उरलेल्या कॅनडाने ती लादली. डिसेंबर १९१७ मध्ये आमदार फ्रांकरने ठराव आणला: इतर प्रांतांना क्यूबेक ही अडचण वाटत असेल, तर १८६७ चा संघराज्याचा करार मोडायला क्यूबेकची तयारी आहे. जानेवारीत त्यावर चर्चा झाली आणि मत न घेताच ठराव मागे घेतला गेला. त्या ठरावाचा सूर मला फार बोलका वाटतो. ‘आम्हाला जायचंय’ असं तो म्हणत नाही. तुम्हाला आम्ही नको असू तर तसं सांगा, असं म्हणतो. रुसलेल्या भावाचं बोलणं आहे ते.

१९३९ मध्ये प्रांताने नवं राजचिन्ह घेतलं आणि त्याखालच्या पट्टीवर हे शब्द रीतसर आले. तरी ते दरवाजावर आणि सरकारी कागदांवर राहिले, रस्त्यावर उतरले नव्हते. १९६३ पासून मोटारींच्या पाट्यांवर दुसरीच ओळ होती, ‘ला बेल प्रोव्हाँस’, म्हणजे ‘सुंदर प्रांत’. पर्यटकांना बोलावणारी, गोड, कुणालाही न खुपणारी.

त्या सुंदर प्रांतात राहणाऱ्या फ्रेंच माणसाची स्थिती मात्र सुंदर नव्हती. गिरणीत कामगार फ्रेंच, मुकादम आणि मालक इंग्रजीवाले. माँट्रियलच्या मोठ्या दुकानांत फ्रेंचमध्ये काही मागितलं तर विक्रेत्याला कळत नसे. साठच्या दशकात केंद्राने नेमलेल्या द्विभाषा आयोगाने उत्पन्नाचे आकडे काढले, तेव्हा स्वतःच्याच प्रांतात बहुसंख्य असलेले फ्रेंच कमाईच्या उतरंडीत जवळजवळ तळाला निघाले. वेगळेपणाच्या मागणीला नुसती भावनेची उबळ म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. १९६० च्या निवडणुकीनंतर आलेल्या लसाज सरकारने शाळा आणि इस्पितळं चर्चकडून घेतली आणि १९६२ ची निवडणूक ‘आपल्या घरात आपण मालक’ या घोषणेवर लढवून वीजकंपन्या सरकारी केल्या. हे वीज-राष्ट्रीयीकरण घडवून आणणारा मंत्री होता रने लेव्हेक.

लेव्हेक वाढला न्यू कार्लाइल नावाच्या इंग्रजीबहुल गावात. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी फौजेबरोबर बातमीदार होता. डाखाऊची छळछावणी मुक्त झाल्यावर त्याने ती डोळ्यांनी पाहिली. राष्ट्रवाद कुठवर जाऊ शकतो हे पाहिलेला हा माणूस होता. १९६७ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षाने, द गॉलने, माँट्रियलच्या नगरपालिकेच्या सज्जातून ‘स्वतंत्र क्यूबेक’चा जयजयकार केला आणि टाळ्यांनी चौक दणाणला. पुढच्या वर्षी लेव्हेकने पार्टी क्यूबेक्वा उभी केली. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी वाट धरणाऱ्यांनी मंत्री पिएर लापोर्तला पळवून नेऊन मारलं, रस्त्यावर लष्कर आलं. लेव्हेकने त्या वाटेचा स्पष्ट धिक्कार केला. त्याला मतपेटीतूनच जायचं होतं. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

१५ नोव्हेंबर १९७६ ला त्याचा पक्ष सत्तेवर आला. पुढच्या ऑगस्टमध्ये १०१ क्रमांकाचा भाषा कायदा झाला: कामाची, दुकानाची, पाटीची भाषा फ्रेंच आणि बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा. १९७८ च्या जानेवारीत सन लाइफ या विमा कंपनीने मुख्यालय टोरांटोला हलवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी मंत्री लीझ पायेत यांच्या पुढाकाराने मोटारींच्या पाटीवरून ‘सुंदर प्रांत’ गेला आणि ताशेचे तीन शब्द आले. विधिमंडळाच्या दरवाजावरचं वाक्य एका फटक्यात लाखो गाड्यांवर बसलं. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या गाडीवरही. त्यांना ते टोचलं. आम्ही कोणती आठवण मिरवायची, पराभव केल्याची का, असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न मला चुकीचा वाटत नाही.

भाषा कायद्याची एक बाजू मी बहिणीच्या घरात जवळून पाहिली. आईवडिलांपैकी कुणी कॅनडात इंग्रजी माध्यमात प्राथमिक शाळा शिकलेलं असेल तरच मुलाला सरकारी इंग्रजी शाळा मिळते. “आमच्या पुण्याच्या दाखल्याला इथे किंमत नाही, ताई,” ती म्हणाली. भाची फ्रेंच शाळेत जाते. स्वयंपाकघरात ती आईशी मराठी बोलते, गृहपाठ फ्रेंचमध्ये म्हणते आणि शेजारच्या मुलाशी खिडकीतून इंग्रजीत भांडते. तिन्ही भाषा तिला सारख्याच सहज आहेत. बहिणीला पहिल्या वर्षी त्या कायद्याचा राग होता. आता ती म्हणते, आपण मराठीसाठी एवढं तरी केलंय का?

२० मे १९८० च्या पहिल्या जनमताचा प्रश्न लांबलचक होता: कॅनडाशी आर्थिक सहयोग राखून सार्वभौम होण्याबाबत बोलणी करायला सरकारला अधिकार द्यायचा का? ५९.५६ टक्के ‘नाही’ म्हणाले. त्या रात्री लेव्हेकने हुंदका आवरत लोकांना ‘पुढच्या वेळी’ असं सांगितलं. पण पुढची वेळ आली ती दुसऱ्याच एका आठवणीच्या बळावर. नोव्हेंबर १९८१ मध्ये ओटावात रात्रीतून केंद्र सरकारचा इतर नऊ प्रांतांशी समझोता झाला आणि सकाळी लेव्हेकपुढे तयार मजकूर ठेवला गेला. १९८२ ची राज्यघटना क्यूबेकच्या सहीविना लागू झाली. ती सही मिळवण्यासाठी आखलेला मीच लेकचा करार १९९० मध्ये कोसळला. त्याने दुखावलेल्या लोकांतून १९९५ चं दुसरं जनमत घडलं.

३० ऑक्टोबर १९९५. सुमारे ९३.५ टक्के मतदान. क्यूबेकची मतपत्रिका काळी असते, त्यात पांढरी वर्तुळं, एक ‘हो’चं, एक ‘नाही’चं, शिसपेन्सिलीने खूण करायची. निकाल: ‘नाही’ ५०.५८ टक्के, ‘हो’ ४९.४२ टक्के. फरक ५४,२८८ मतांचा. बाद मतं त्याहून जास्त, ८६,५०१. शोमेदी मतदारसंघात तर दहात एकाहून जास्त मतं बाद झाली. फुलीची रेघ फार तिरकी आहे, फार ठळक आहे, अशीही कारणं मोजणीच्या टेबलावर दिली गेली. शोमेदीत स्थलांतरितांची आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी होती. पुढे चौकशी झाली, खटले झाले, ते टिकले नाहीत. पण शिसपेन्सिलीच्या एका रेघेवर देश तुटण्या-राहण्याचं ओझं आलं होतं, हे त्या टेबलांवर बसलेल्या कुणाला विसरता आलं नसेल.

त्या रात्री क्यूबेकच्या पंतप्रधानपदी असलेल्या जाक पारिझोंनी पराभवाचं खापर पैशावर आणि स्थलांतरितांच्या मतांवर फोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. ‘मला आठवतं’ यातल्या ‘मला’ या शब्दात कोण बसतं, हे त्या एका वाक्याने उघडं पडलं. आणि त्याआधी सहाच दिवस उत्तरेतल्या क्री लोकांनी स्वतःचं जनमत घेतलं होतं: क्यूबेकने आम्हाला आणि आमच्या भूमीला कॅनडातून वेगळं करावं, याला आमची संमती आहे का? ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ म्हटलं. ताशेच्या दरवाजासमोरचं ब्राँझचं कुटुंब बोललं असतं तर वेगळं काय बोललं असतं?

माझं मत सांगायचं तर, क्यूबेकचं गाऱ्हाणं खरं होतं आणि १०१ व्या कायद्याने त्याचा मोठा भाग मिटवला. आपल्या गावात आपल्या भाषेत नोकरी मिळू लागली, मुलं फ्रेंचमध्ये शिकू लागली, तशी देश सोडण्याची निकड कमी झाली. लेव्हेकच्या पक्षाने केलेल्या सर्वोत्तम कामानेच त्याच्या ध्येयाची धार घालवली. मी तिथली मतदार असते तर ‘नाही’वर खूण केली असती. पण १९८२ ची न झालेली सही हे कॅनडाकडे थकलेलं देणं आहे, आणि ते फेडल्याशिवाय एकोप्याची भाषणं पोकळच राहतात.

२०२२ च्या निवडणुकीत पार्टी क्यूबेक्वाचे तीनच आमदार आले. नेता पॉल सें-पिएर प्लामोंदों आता तिसऱ्या जनमताचं वचन देतो आहे. त्या तिघांनी राजा चार्ल्सच्या निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला आणि १ डिसेंबरला त्यांना सभागृहाच्या दाराशी अडवलं गेलं. त्याच महिन्यात विधिमंडळाने कायदा करून ती शपथ ऐच्छिक केली आणि ते आत जाऊन बसले. बाहेर ताशेच्या दरवाजावर व्हिक्टोरिया राणीने १८६८ मध्ये दिलेलं राजचिन्ह अजून तसंच आहे: वर लिलीची दोन फुलं, मधे इंग्लंडचा सिंह, खाली मेपलची तीन पानं आणि त्याखाली ते तीन शब्द.