जहागीर की रोकड?

बक्षिसाचे मूळ प्रकार दोनच आहेत. एक असे, की जे घेणाऱ्याने हवे तेव्हा, हवे तेथे आणि हव्या त्या कारणासाठी खर्च करावे. आणि दुसरे असे, की जे देणाऱ्याने नेमून दिलेल्या जागी, त्याने घातलेल्या अटींवरच उपभोगता यावे. पहिल्याला आपण रोकड म्हणतो. दुसऱ्याची नावे काळानुसार बदलत आली आहेत. जहागीर, मोकासा, सरंजाम, दुकानदाराचे कूपन आणि अलीकडच्या काळात क्रेडिट कार्डावर जमा होणारे पॉइंट, ही सारी त्याच कुळातील. बंगळूरमध्ये नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणापुढे बँकेचा प्रतिनिधी दोन कार्डे ठेवतो. एकावर खर्चाच्या प्रमाणात रोख परतावा मिळेल, दुसऱ्यावर पॉइंट मिळतील, असे तो सांगतो. त्या तरुणाला हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. वास्तविक तो फार जुना आहे. आणि योगायोग असा, की ज्या शहरात तो तरुण उभा आहे ते शहरच एके काळी असे एक बक्षीस होते, आणि पुढे त्याची रोख किंमतही ठरली होती.

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे गाव १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने त्याच्या वंशजाकडून जिंकून घेतले. त्या फौजेचा मुख्य सेनापती रणदुल्लाखान, आणि त्याच्याबरोबर शहाजीराजे भोसले. या कामगिरीबद्दल आदिलशाहीने शहाजीराजांना बंगळूर व भोवतालचा मुलूख जहागीर म्हणून दिला. विजापूरच्या खजिन्यातून होनांच्या थैल्या मिळाल्या असत्या, तर राजांनी त्या कोठेही खर्च केल्या असत्या. पण मिळाला तो मुलूख. आणि मुलूख उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याचा उपभोग घ्यावयाचा तर तेथे जाऊन राहणे, वसूल उभा करणे आणि शिबंदी ठेवणे ओघानेच आले.

शहाजीराजे तेथे जाऊन राहिले. आपले दक्षिणेतील मुख्य ठाणे त्यांनी बंगळूर हेच केले. जिजाबाई आणि बाल शिवाजी यांचेही काही काळ येथे वास्तव्य झाले. जयराम पिंड्ये याने आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन केले आहे. निरनिराळ्या भाषांतील कवी तेथे आपल्या रचना ऐकवीत, असे त्यावरून दिसते. विजापूरच्या बादशहाने दिला होता वसुलाचा हक्क. त्यातून राजांनी दरबार, सैन्य आणि प्रतिष्ठा उभी केली. जहागिरीच्या कागदावर जेवढी रक्कम लिहिली असेल तिच्याहून अधिक मोल त्यांनी त्या जहागिरीतून काढले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचे निधन झाले. जहागीर त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे आली. पुढे १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि आपली गादी तेथे स्थापन केली. येथपासून बंगळुराचा अर्थच पालटला. पित्याचे जे घर होते ते पुत्राच्या दृष्टीने दूरचे ठाणे झाले. तंजावरहून त्याचे रक्षण करणे कठीण, शिबंदीचा खर्च मोठा, आणि भोवती म्हैसूरकर व मोगल टपलेले. तेव्हा व्यंकोजीराजांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी बोलणे लावले आणि तीन लाख रुपयांना बंगळूर देण्याचे घाटत आले. परंतु सौदा पुरा होण्यापूर्वीच, १६८७ च्या जुलै महिन्यात, मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर काबीज केले. आणि त्याने ते त्याच तीन लाखांच्या किमतीला चिक्कदेवराजांना देऊन टाकले. विक्रेता बदलला, किंमत बदलली नाही. व्यंकोजीराजांच्या हाती मात्र ना ठाणे राहिले, ना रोकड.

या एका शहराच्या कथेत आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी सामावलेले आहे. बक्षीस तेच, शहर तेच. पण पित्याला जहागीर लाभदायक ठरली आणि पुत्राला रोकड अधिक हवीशी वाटली. फरक बक्षिसात नव्हता, तो घेणाऱ्याच्या मुक्कामात होता. जो जहागिरीच्या मुलखात राहतो त्याला जहागीर फळते. जो अन्यत्र राहतो त्याने रोकड घ्यावी, आणि ती वेळेवर पदरात पाडून घ्यावी. कारण उपभोगाविना राखून ठेवलेली जहागीर कधी नाहीशी होईल याचा नेम नसतो.

जहागिरीच्या व्यवहारात आणखी एक खोच होती. मोगली दप्तरात ‘जमा’ आणि ‘हासिल’ हे दोन शब्द निरनिराळे होते. जमा म्हणजे कागदावरचा अंदाजी वसूल. हासिल म्हणजे प्रत्यक्ष हाती येणारा. सरदाराला जहागीर मिळे ती जमेच्या आकड्यावर, पण त्याचे घोडे आणि स्वार जगत ते हासिलावर. ही तफावत इतकी वाढली, की शहाजहानच्या काळात जहागिरींची प्रतवारीच महिन्यांवरून होऊ लागली. वर्षाच्या नेमणुकीपैकी आठ महिन्यांचाच ऐवज हाती पडतो ती आठमाही, सहा महिन्यांचा पडतो ती सहामाही. पुढे औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांत मनसबदारांची संख्या अतोनात वाढली, वाटावयास जहागिरी पुरेनात, आणि हाती सनद असूनही मुलूख मिळत नाही अशी अवस्था आली. जे बक्षीस देणाऱ्याला केवळ लेखणीच्या फटकाऱ्याने वाढविता येते, त्याची किंमत उतरल्याशिवाय राहत नाही. हा नियम मोगल दरबारापुरता खरा नव्हता.

छत्रपती शिवाजी महाराजांनी या प्रश्नाकडे देणाऱ्याच्या बाजूने पाहिले, हे विशेष. सभासदाच्या बखरीवरून दिसते की लष्कराला आणि अंमलदारांना मोकासे नेमून देण्याऐवजी रोख वेतन द्यावे किंवा खजिन्यावर वरात द्यावी, असा त्यांचा प्रघात होता. मुलूख तोडून दिला की घेणारा त्यात रुजतो, बळावतो, रयतेला नाडतो आणि अखेर धन्यालाही जुमानीत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मात्र हा मार्ग भरल्या खजिन्याचा आहे. जिंजीच्या बिकट दिवसांत राजाराम महाराजांपुढे रोकडच नव्हती. तेव्हा वतने आणि सरंजाम देणे पुन्हा सुरू झाले. रोख देण्यास आज पैसा लागतो, सनद देण्यास केवळ उद्याचे वचन पुरते. म्हणून देणारा नेहमी सनदेकडे झुकतो.

राजेरजवाडे गेले आणि ही सनद व्यापाऱ्यांच्या हाती आली. १८४४ मध्ये इंग्लंडातील रॉचडेल येथे काही विणकर व कारागिरांनी सहकारी दुकान काढले आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत वाटण्याचा नियम केला. आजच्या रोख परताव्याचा हा प्रामाणिक पूर्वज होय. याच्या उलट, १८९६ मध्ये अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन यांनी तिकिटांची पद्धत काढली. गिऱ्हाइकाने खरेदीबरोबर मिळणारी तिकिटे वहीत चिकटवावीत, आणि वही भरली की कंपनीच्या यादीतून एखादी वस्तू घ्यावी. ही तिकिटे पुढे ब्रिटनमध्ये इतकी बोकाळली, की तेथील संसदेला १९६४ मध्ये कायदा करावा लागला: प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापावी आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास वस्तूऐवजी पैसे द्यावेत. जमा आणि हासिल यांतील अंतर मिटविण्याचा हा प्रयत्न होता, असेच म्हणावे लागेल.

क्रेडिट कार्डाने या दोन्ही परंपरा आपल्याशा केल्या. अमेरिकेत १९५० मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देण्यास आरंभ केला. त्या मैलांचे पॉइंट झाले. १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्डाने देशभर रोख परतावा देऊ केला. आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने क्रेडिट कार्ड आणले. बंगळुरात २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने २०१९ मध्ये ॲक्सिस बँकेच्या साहाय्याने रोख परताव्याचे कार्ड काढले. आणि याच वर्षी ‘सुपरकॉइन’ नावाची आपली निराळी नाणीही चालू केली. एकाच दारातून रोकड आणि जहागीर दोन्ही वाटल्या जाऊ लागल्या.

आता थोडा हिशेब मांडू. एका कुटुंबाचा कार्डावरील खर्च महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाख आहे असे धरा. बंगळुराची जुनी किंमत तेवढीच. रोख परताव्याच्या कार्डावर शेकडा एक रुपया मिळत असेल, तर वर्षाअखेर ३,००० रुपये बिलातून वजा होतील. दुसऱ्या कार्डावर १०० रुपयांना दोन पॉइंट मिळत असतील, तर ६,००० पॉइंट जमतील. हा आकडा दुप्पट आहे आणि डोळ्यांत भरतो. पण ही झाली जमा. हासिल किती? तेच पॉइंट यादीतील वस्तूंसाठी २५ पैसे दराने मोडावे लागले, तर हाती १,५०० रुपये येतील. विमानाच्या तिकिटासाठी एक रुपया दराने मोडता आले, तर ६,०००. म्हणजे जो वर्षातून चार वेळा विमानाने प्रवास करतोच, तो त्या मुलखाचा रहिवासी आहे. त्याने शहाजीराजांप्रमाणे जहागीर घ्यावी. ज्याचा खर्च किराणा, शाळेची फी आणि विजेचे बिल यांत संपतो, त्याला ही जहागीर तंजावरहून बंगळूर राखण्यासारखी आहे. त्याने रोकड पत्करावी. अर्थात रोख परताव्यालाही कमाल मर्यादा असते, आणि इंधन, घरभाडे यांसारखे खर्च अनेकदा त्यातून वगळलेले असतात. तेव्हा तेथेही अटींचा कागद वाचणे चुकत नाही. आणि ज्याने पॉइंट घेतले त्याने ते साठवीत बसू नये. त्यांना व्याज नसते, बहुधा मुदत असते, आणि दर बदलण्याचा अधिकार देणाऱ्याने आपल्याकडे राखलेला असतो.

येथवर हिशेब झाला तो घेणाऱ्याचा. परंतु जहागिरीच्या इतिहासात एक तिसरा पक्ष सदैव होता, आणि तो म्हणजे रयत. सरदाराची नेमणूक अखेर तिच्या पिकातून जाई. कार्डाच्या व्यवहारातही बक्षिसाचा पैसा बँक केवळ आपल्या पदरचा घालत नाही. चिकपेठेतील कापडाचा व्यापारी कार्डावर विक्री करतो तेव्हा त्याच्या रकमेतून साधारणतः शेकडा एक ते तीन रुपये कापले जातात. तो ही तूट मालाच्या किमतीत मिळवतो. आणि ती किंमत नोटा मोजून देणाऱ्या गिऱ्हाइकालाही तितकीच द्यावी लागते. कार्ड नसलेल्याच्या खिशातून कार्डवाल्याचे बक्षीस काही अंशी येते, ही गोष्ट सुखावह नसली तरी दृष्टीआड करण्याजोगी नाही.

दुसरा भाग येतो तो बिल पुरे न भरणाऱ्याकडून. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, अशा घरात व्याज जाते. एकदा बाकी राहिली, की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सुटते. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचे २५,००० रुपये चार महिने थकले, तर केवळ सरळ व्याज ३,५०० रुपये होते. त्यावर वस्तू व सेवा कर निराळा. वर्षभराचा रोख परतावा ३,००० रुपयांचा होता, हे येथे आठवावे. अशा घरासाठी पॉइंट की परतावा हा वादच उरत नाही. त्याने आधी बाकी फेडावी, आणि ती फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवावे.

तात्पर्य, बक्षीस हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याची जमा किती आणि हासिल किती? याचा उपभोग जेथे घ्यावयाचा त्या मुलखात आपण खरोखर राहतो काय? आणि हे बक्षीस मिळविण्यासाठी, एरवी केला नसता असा खर्च आपण करीत आहो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येत असेल, तर कार्ड कोणतेही असो, जहागीरदार आपण नसून बँक आहे आणि आपण रयतेच्या जागी उभे आहोत, हे ओळखून असावे.